रोग्याची संमति

शास्त्रपाठ : योहान ५:१-९, फिलेमोन १४

बेथेस्दा तळ्याजवळ ३८ वर्षें दुखणाईत असलेल्या मनुष्याची गरज सर्वांस दिसत होती. तरी त्याला बरें व्हावयाचें आहे काय, हें प्रभूनें आधीं त्यालाच विचारिलें. पौलानेंही फिलेमोनाच्या संमतीवांचून कांहीं करावयाचें नाकारिलें. उपकार बळजबरीनें होऊं नये, अशी त्याची इच्छा होती.

आपल्या खेड्यांतील रोगी इस्पितळांत गेला म्हणजे ऑपरेशनापूर्वीं त्याच्यापुढें एक कागद येतो. कित्येकदां उपदेशकच म्हणतो, "विश्वास ठेव आणि अंगठा दे." हें योग्य नव्हे. विश्वास देवावर ठेवावा; कागद मात्र समजून घ्यावा.

सन १९९५ मध्यें दिल्ली येथें एका बाईनें दुर्बिणीच्या तपासणीस व तिच्याद्वारें होणाऱ्या उपचारास संमति दिली. ती भुलीखालीं असतां बाहेर बसलेल्या आईची संमति घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यांत आले. १६ जानेवारी २००८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, रोगी सज्ञान असून तो शुद्धीवर येईपर्यंत थांबतां येत असेल, तर दुसऱ्याची संमति पुरत नाहीं. जिवास किंवा प्रकृतीस तातडीचा धोका असेल तर गोष्ट निराळी. रोग्याचा वेळ, खर्च व पुढील यातना वाचतील, ही सबबही न्यायालयानें मानिली नाहीं.

म्हणून रोग्यास अगोदर पांच गोष्टी कळाव्या :

१. काय करणार व कशासाठीं?
२. त्यापासून लाभ कोणता?
३. मोठा धोका कोणता?
४. दुसरा उपाय आहे काय?
५. न केल्यास काय होईल?

उपदेशकानें कागद सावकाश मराठींत वाचून दाखवावा, आणि काय समजलें तें रोग्याकडूनच वदवावें. न समजल्यास डॉक्टरसाहेबांस पुन्हां विचारावें. आपल्या पदरचें कांहीं सांगूं नये. बायकोच्या वतीनें नवऱ्यानें उत्तर देऊं नये. रोगी नको म्हणाला तर त्यास धाक घालूं नये. मग त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. जो समजून होय म्हणतो, तो धीरानें मेजावर निजतो.

विचारासाठीं प्रश्न : गरज ठाऊक असतां प्रभूनें कां विचारिलें? आपल्या मंडळींत कोणाच्या वतीनें आपण न विचारतां बोलतों?