मुंग्या गेल्या, मग हे ठोकळे कुठून आले?

प्रश्न : माझी मुलगी ब्रिटनमध्ये, यॉर्कशायरात लीड्सजवळ राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे मुक्काम होता. तिच्या घरावर डिश नाही, केबलवाला नाही. धुराड्याला एक छोटासा अँटेना बांधलेला आणि तेवढ्यावर साठ-सत्तर वाहिन्या लख्ख दिसतात, महिन्याचा रिचार्ज वगैरे काही नाही. एका सकाळी मात्र छान ऊन होतं, वारा अजिबात नव्हता, आणि नेमके तेव्हाच चित्राचे ठोकळे व्हायला लागले, आवाज तुटू लागला. जावईबापूंनी सगळ्या वाहिन्या नव्यानं शोधायला लावल्या, तर होत्या त्यातल्याही निम्म्या गेल्या. आमच्या वेळी पावसापाण्यात मुंग्या यायच्या, अँटेना जरा फिरवला की कमी व्हायच्या. इथे मुंग्या नाहीतच आणि पाऊसही नव्हता. हा काय प्रकार?
— एक वाचक, कराड

उत्तर : लीड्सजवळचे घर म्हणजे तो अँटेना बहुधा एम्ली मूरकडे तोंड करून असणार. हडर्सफील्डजवळच्या माळावरचा हा काँक्रीटचा मनोरा ३०० मीटरहून उंच आहे. तणाव्यांशिवाय, स्वतःच्या पायावर उभे असलेले याच्याहून उंच बांधकाम ब्रिटनमध्ये नाही. आधी तिथे पोलादी नळीचा, चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेला खांब होता. १९ मार्च १९६९ रोजी तो कोसळला. खांबावर आणि तारांवर भरमसाट बर्फ साचला होता, त्यामुळे आळ सरळ बर्फावर आला. चौकशीत मात्र दिसले की मंद पण एकसारख्या वाऱ्याने खांबाला जे डोलणे लागले होते, त्याचाही त्यात हात होता. सुदैवाने माणूस दगावला नाही. नवा मनोरा १९७१ मध्ये उभा राहिला; आज तो संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे.

एवढी उंची हौसेखातर नाही. टीव्हीच्या यूएचएफ लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल असल्याने क्षितिजापलीकडे त्यांचे फारसे चालत नाही. अंदाज काढायची सोपी रीत अशी : मनोऱ्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा; किलोमीटर मिळतात. ३०० मीटरला साधारण ७१. छतावरचा अँटेना १० मीटरवर असेल तर त्याचे स्वतःचे १३ मिळवा. म्हणजे सपाट मुलखात ८०-८५ किलोमीटरपर्यंत निभावते. डोळ्यांना दिसणारे क्षितिज याहून थोडे अलीकडेच संपते. लहरी जरा पुढे जातात, कारण हवा खाली दाट आणि वर विरळ असते, त्यामुळे लहर किंचित जमिनीकडे वाकते. हे वाकणे ध्यानात ठेवा, त्या सकाळचा गुन्हेगार तोच आहे.

मुलूख सपाट नसेल तर हिशेब कोलमडतो. यॉर्कशायरच्या पश्चिमेला पेनाइन डोंगर आहेत, आणि त्यांच्या घळींत वसलेल्या हेब्डन ब्रिजसारख्या गावांना एम्ली मूर डोंगराआड जातो. तिथे छोटी सहक्षेपण केंद्रे आहेत. ती मोठ्या मनोऱ्याचा संदेश उचलून दुसऱ्या कंप्रतेवर घळीत सोडतात. अशा गावांतल्या अँटेनाच्या काड्या बहुधा उभ्या दिसतात आणि मोठ्या मनोऱ्याकडे तोंड केलेल्यांच्या आडव्या, म्हणजे दोघांची गल्लत कमी होते. घळीतल्या लोकांना एक तोटाही आहे. बहुतेक छोट्या केंद्रांवरून सहाऐवजी तीनच गठ्ठे जातात : बीबीसी आणि तिच्या पंगतीतल्या इतर सार्वजनिक वाहिन्यांचे. बाकी व्यापारी वाहिन्या त्यांच्या नशिबी नाहीत. ‘गठ्ठा’ म्हणालो, कारण पूर्वी जिथे एक वाहिनी मावायची त्या ८ मेगाहर्ट्झच्या जागेत आता डझनभर वाहिन्या एकत्र बांधून पाठवतात.

अँटेना छोटा दिसला त्यात नवल नाही. या लहरींची लांबी सुमारे अर्धा मीटर, म्हणून काड्या त्याच्या निम्म्या, वीतभर. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन व्हीएचएफवर होते. त्या लहरी कितीतरी लांब, म्हणून गच्चीवर कपडे वाळत घालता येतील असला सांगाडा लागायचा. रचना मात्र दोन्हींची एकच, यागी आणि उदा या जपानी संशोधकांनी १९२० च्या दशकात काढलेली.

आता मुंग्या. जुन्या पद्धतीत लहरीचा चढउतार म्हणजेच चित्राचा उजेड-अंधार. लहर क्षीण झाली की तिच्याबरोबर येणारा गोंगाटही पडद्यावर उमटायचा. डोंगरावर आपटून उशिरा आलेली लहर चित्राच्या उजवीकडे त्याचे फिकट भूत उभे करायची. थोडा बिघाड, थोड्या मुंग्या. जास्त बिघाड, जास्त मुंग्या, असा रोखठोक व्यवहार होता.

डिजिटलमध्ये चित्राचे आकडे होतात आणि ते हजारो बारीक वाहक लहरींवर वाटून दिले जातात. ब्रिटनमध्ये एका गठ्ठ्याच्या नेहमीच्या बांधणीत अशा ६,८१७ लहरी असतात. प्रत्येक लहर आपला वाटा ८९६ मायक्रोसेकंद सावकाश सांगते, आणि दोन वाट्यांच्या मध्ये २८ मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवलेली असते. तेवढ्या वेळात रेडिओ लहर ८.४ किलोमीटर जाते. म्हणजे समोरच्या डोंगरावर आपटून आठ किलोमीटर जादा वळसा घेऊन आलेला प्रतिध्वनीही त्या मोकळ्या वेळात निमूट जिरतो. भुते गेली ती अशी. शिवाय आकड्यांबरोबर दुरुस्तीचा मालमसालाही येतो. दर १८८ बाइटांच्या पुडक्याला १६ जादा बाइट जोडलेले असतात, आणि त्यांच्या जोरावर पुडक्यातले ८ बाइट पार बिघडले तरी सेट ते बिनचूक भरून काढतो. त्याच्या आत दुरुस्तीचा आणखी एक थर असतो, त्यात एकूण आकड्यांचा तिसरा हिस्साही खर्ची पडतो. ही हुशारी कुणालाही आवडावी अशीच आहे, पण तिने प्रेक्षकाची एक सोय काढून घेतली. आठ बाइट बिघडेपर्यंत चित्र निष्कलंक, नववा बिघडला की ठोकळे. दाट धुक्यात घाटमाथ्यावर चालावे तसे : पायाखालची जमीन शेवटच्या पावलापर्यंत सपाटच, कडा किती दूर ते कळत नाही. एखाद्या घरी चित्र उत्तम असते आणि ते कड्यापासून वीतभरावर असते. शेजारी तेच चित्र असते आणि कडा कोसभर लांब असतो. पडदा पाहून दोघांतला फरक सांगता येत नाही. मुंग्या त्रासदायक होत्या, पण काहीतरी बिनसते आहे हे त्या आधी सांगायच्या.

म्हणून चित्र पाहू नका, मापक पाहा. बहुतेक सेटांच्या मेनूत ‘स्ट्रेंग्थ’ आणि ‘क्वालिटी’ असे दोन पट्टे असतात. पहिल्यावर भुलू नये. जोर भरपूर आणि दर्जा खाली, असे दिसले तर दुसऱ्या कुठल्यातरी लहरींची ढवळाढवळ आहे किंवा बूस्टर अति झाला आहे. आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर बूस्टर हे औषध होते, तिकडेही तीच खोड आहे. टीव्हीच्या मागे बसवलेला बूस्टर लांबलचक वायरीतून आलेला गोंगाटही तितक्याच निष्ठेने वाढवतो. बसवायचाच तर वर, अँटेनाच्या बुडाशी बसवावा. आणि पावसानंतर दोन्ही पट्टे घसरत असतील तर आभाळाकडे बोट दाखवण्याआधी वायरीचा सांधा उघडून पाहावा. आतली तांब्याची जाळी हिरवट-काळी पडली असेल तर वायरीत पाणी शिरले आहे आणि ती बदलण्याला पर्याय नाही.

तुमच्या त्या सकाळी यातले काहीच झाले नव्हते. हवेचा दाब चढलेला, रात्र निरभ्र आणि निवांत. अशा वेळी जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. नेहमीचा क्रम उलटा होतो. मग लहर किंचित न वाकता चांगलीच वाकते, त्या दोन थरांत अडकून शेकडो किलोमीटर जाते, आणि एरवी क्षितिजाआड राहणारे दूरचे केंद्र, कधी समुद्रापलीकडचे हॉलंड-बेल्जियमचेही, त्याच कंप्रतेवर तुमच्या अँटेनात येऊन थडकते. एम्ली मूरची लहर नेहमीइतकीच जोरकस असते, पण तिच्यात परक्या आकड्यांची भेसळ होते आणि दुरुस्तीची ताकद संपते. हे हल्ली जास्त जाणवावे असे कारणही आहे. मोबाइलच्या ४जी-५जीसाठी ब्रिटनने टीव्हीच्या पट्ट्याचा वरचा भाग दोनदा कापून दिला. २०२० पर्यंत सगळा टीव्ही ४७० ते ६९४ मेगाहर्ट्झमध्ये कोंबला गेला, आणि थोड्या जागेत तेवढीच केंद्रे बसवायची म्हणजे एकच कंप्रता जवळजवळच्या केंद्रांना वाटणे आले.

जावईबापूंचे चुकले ते इथे. नव्याने शोध लावला की सेट जुनी यादी पुसतो आणि त्या घटकेला जे सापडेल तेवढेच लिहून ठेवतो. भेसळीमुळे जे गठ्ठे तेव्हा वाचता आले नाहीत, ते यादीतूनच गेले. अशा हवेत काहीही न करता वारा सुटेपर्यंत थांबायचे. आता त्यांना एखाद्या सामान्य दिवशी पुन्हा शोध लावायला सांगा, सगळे परत येईल. लँकाशायरच्या बाजूचे विंटर हिल केंद्रही अँटेनात सापडत असेल तर सेट मँचेस्टरकडच्या प्रादेशिक बातम्या आठशेच्या पुढच्या क्रमांकांवर ठेवतो. पहिल्या क्रमांकावर शेजारच्या परगण्याचे हवामान येऊ लागले, तर आपले तिथे शोधावे.

प्रश्न : लाखो घरे एकाच मनोऱ्यावर अवलंबून. तो बंद पडला तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पडलेला आहे. १० ऑगस्ट २०२१ रोजी नॉर्थ यॉर्क मूर्समधल्या बिल्सडेलच्या ३०० मीटरहून उंच खांबाला आग लागली आणि ईशान्य इंग्लंडातली लाखो घरे अंधारात गेली. बिल्सडेलचा संदेश उचलून पुढे पाठवणारी छोटी केंद्रेही त्याच्याबरोबर मुकी झाली. ज्यांना जमले त्यांनी अँटेना डरहमकडच्या पाँटप पाइककडे वळवून घेतले. जळका खांब ऑक्टोबरात पाडला आणि त्याच महिन्यात ८० मीटरचा तात्पुरता खांब सुरू झाला. वरचे वर्गमूळ इथे लावून पाहा : ३०० मीटरला ७१ किलोमीटर, ८० मीटरला जेमतेम ३७. साहजिकच सगळ्यांचे भागले नाही. पूर्ण उंचीचा नवा खांब २०२३ मध्ये सुरू झाला.

प्रश्न : तिकडून टीव्ही आणला आणि इथे गच्चीवर अँटेना लावला, तर काही दिसेल का?
— पुन्हा कराडचेच वाचक

उत्तर : नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्याने पुण्याला आणि जागोजागच्या लघुशक्ती केंद्रांनी गावोगावी ते पोहोचवले. ती जुन्या पद्धतीची केंद्रे प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने मिटवली. सामरिक महत्त्वाची थोडी वगळता २०२२ पर्यंत ती बंद करायचे ठरले होते. डिजिटलचा प्रयोग २०१६ मध्ये देशातल्या १६ शहरांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातली दोन, मुंबई आणि औरंगाबाद. दोन्ही तुमच्या गच्चीपासून क्षितिजाच्या पार पलीकडे आहेत, मधल्या सह्याद्रीचा हिशेब न धरताही.

फुकट पाहायचे तर आपल्याकडे मार्ग आकाशातून आहे. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो, म्हणून कराडातून डिशचे तोंड आग्नेयेला करावे लागते. एवढ्यासाठी परदेशातून सेट वाहून आणणे मला तरी पटत नाही, साधा सेटटॉप बॉक्स पुरतो. तरी आणायचाच असेल तर खरेदीआधी मागची बाजू पाहा. तिकडच्या सेटांना अँटेनाची पिन नुसती दाबून बसते. उपग्रहाचा ट्यूनर असेल तर त्याच्या शेजारी फिरवून बसवायचा, बाहेरून आटे असलेला दुसरा सॉकेट असतो. तो नसेल तर सेट तिथेच राहू द्या.