फळांचे घरगुती सिरप : कृती, शास्त्र आणि मर्यादा

मॉईलच्या भूमिगत मँगनीज खाणीमुळे ओळखल्या जाणाऱ्या उकव्याभोवतीच्या सातपुड्याच्या पट्ट्यात बेल, जांभूळ आणि आवळा ही फळे परिचयाची आहेत. त्यांचा हंगाम अल्प असतो. तो बाटलीत साठविण्याचा सोपा मार्ग म्हणजे सिरप. कोकणात कोकमाच्या ताज्या सालींवर साखरेचे थर देऊन जे 'अमृत कोकम' करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. पाणी न घालता साखरच सालींतील रस ओढून घेते.

साखर का टिकविते?
सिरपमध्ये साखरेचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असावे लागते. भारतीय अन्न मानकांनुसार फळांच्या सिरपमध्ये किमान ६५ टक्के विद्राव्य घटक आणि २५ टक्के फळांचा रस आवश्यक आहे. एवढ्या घनतेत बहुतेक जंतूंना वाढीसाठी पाणी उपलब्ध होत नाही. मात्र काही बुरशी व किण्वके तग धरतात, म्हणून स्वच्छता अनिवार्य ठरते.

कृती (जांभूळ)
पिकलेली जांभळे धुऊन, बिया न ठेचता हाताने कुस्करावीत. थोडे पाणी घालून मंद आचेवर दहा मिनिटे ठेवावीत व फडक्यातून गाळावीत. एक लिटर रसास सुमारे १.६ किलो साखर व १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून साखर विरघळेपर्यंतच तापवावे. आम्लामुळे साखरेचे खडे धरत नाहीत. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. लोखंडाने रंग काळवंडतो. वीस मिनिटे उकळलेल्या बाटल्यांत सिरप गरम असतानाच भरावे. परिरक्षक न घातल्यास ते शीतकपाटातच ठेवावे. बेलाचा गर मात्र तेवढ्याच पाण्यात कालवून चाळणीतून गाळावा लागतो.

उपयोग
न्याहारीला घावन किंवा धिरड्यावर, तसेच दह्यात एक चमचा सिरप पुरेसे होते. सरबतासाठी ३० मिलिलिटर सिरप, पेलाभर थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि भिजविलेला सब्जा घ्यावा. आइस्क्रीम, शिरा किंवा फळांच्या कोशिंबिरीवरही ते शोभते.

वैद्यकीय सावधगिरी
हे ३० मिलिलिटर म्हणजे सुमारे २६ ग्रॅम साखर, अर्थात शंभराच्या आसपास उष्मांक होत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली. ही खालची मर्यादा प्रौढास दिवसाला सुमारे २५ ग्रॅम पडते, म्हणजे एका पेल्यातच ती ओलांडली जाते. 'जांभूळ मधुमेहावर चांगले' या समजुतीवर विसंबून मधुमेही रुग्णाने जांभळाचे सिरप घेणे अपायकारक आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अतिसार झालेल्या बालकास असे सरबत देऊ नये. २००२ पासून शिफारस केलेल्या जलसंजीवनीची परासारकता प्रतिलिटर २४५ मिलीऑस्मोल आहे. वरील सरबताची मात्र ३८०च्या आसपास भरते. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते व जुलाब वाढवू शकते. अशा वेळी पाकिटातील जलसंजीवनी सांगितल्या प्रमाणात पाणी घेऊनच विरघळवावी व बाळाचे स्तनपान चालू ठेवावे.

सारांश, सिरप हे चवीसाठी आहे. ते औषध नव्हे. चमच्याने मोजून घेतले तर त्याचा आनंद सर्व ऋतूंत, आणि बहुतेकांना, लाभू शकेल.