खार जमिनीतील मीठ : ते कशाने धरते व कशाने सुटते

उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीजवळ येते तेव्हा ती निव्वळ नदी राहिलेली नसते. भरतीचे खारे पाणी येथवर चढते आणि नदीची खाडी होते. डोंबिवलीस १९६४ साली औद्योगिक वसाहत आली व पुढे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरीही ठाणे जिल्ह्याच्या खाडीकाठी जेथे भाताची खाचरे टिकून आहेत, तेथील शेतकरी ग्रामसेवकास एक प्रश्न हमखास विचारतो : पावसाळ्यात धुऊन गेलेले मीठ उन्हाळ्यात परत कोठून येते ? याचे उत्तर द्यावयाचे तर पदार्थांचे कण एकमेकांस कसे धरून ठेवतात हे प्रथम पाहिले पाहिजे.

तव्यावर एका बाजूस साखर व दुसऱ्या बाजूस मीठ ठेवून तापवावे. साखर लवकरच वितळते. मीठ जसेच्या तसे राहते. मिठास वितळण्यासाठी सुमारे ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. मिठात सोडियमचा अणू आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूस देऊन टाकतो. त्यामुळे सोडियमवर धन व क्लोरीनवर ऋण विद्युत्‌भार येतो. अशा भारित कणांस आयन म्हणतात, आणि त्यांच्या परस्पर आकर्षणास आयनी बंध. साखरेत असे देणे-घेणे नसते. तिचे अणू इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध होय. तोही बळकटच असतो, परंतु एका रेणूची शेजारच्या रेणूशी असलेली ओढ त्याहून पुष्कळच दुबळी असते. साखर वितळते तेव्हा ही ओढ सैल होते. ती काळी पडू लागते तेव्हा मात्र रेणूच्या आतील बंधच तुटू लागलेले असतात.

इतके घट्ट बांधलेले मीठ पाण्यात मात्र सहज विरघळते, हे नवल वाटण्याजोगे आहे. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित ऋण व दुसरे किंचित धन असते. हे रेणू मिठाच्या प्रत्येक आयनास चहूबाजूंनी वेढून बाहेर ओढतात. गोड्या तेलात चिमूटभर मीठ टाकून पाहावे. ते तळाशी तसेच बसून राहील, कारण तेलाच्या रेणूंस अशी टोके नाहीत. म्हणूनच खार जमीन धुण्यास गोडे पाणी हाच पहिला उपाय आहे, आणि कोकणच्या पावसाने तो फुकट दिलेला आहे.

तो वाया मात्र जाऊ देऊ नये. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उधाणात बांधास खांड पडून असे पाणी एका गुंठ्यावर १० सेंटिमीटर साचले, तर सुमारे साडेतीनशे किलो क्षार शेतात येतात ! खाडीच्या वरच्या भागात पाणी इतके खारट नसते, तथापि नुकसान व्हावयाचे ते होतेच. याकरिता पावसाळ्यापूर्वी बांध व उघाडी दुरुस्त करून घ्यावी. पहिल्या पावसाचे पाणी खाचरात साठवून क्षार विरघळू द्यावेत व ओहोटीच्या वेळी ते उघाडीवाटे काढून टाकावे. लावणीपूर्वी असे अनेकदा करावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पाण्याचे रेणू परस्परांस हायड्रोजन बंधाने धरतात व मातीच्या कणांसही चिकटतात. बारीक छिद्रांतून पाणी यामुळे वर चढते. यास केशाकर्षण म्हणतात. दिव्याच्या वातीत तेल चढते त्यातलाच हा प्रकार. खालचे खारे पाणी उन्हाळाभर असे वर येते, उन्हाने पाण्याची वाफ होते व मीठ पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने मागे राहते. भात कापल्यावर ओल असतानाच उथळ नांगरट केली, अथवा पेंढ्याचे आच्छादन घातले, तर ही वात तुटते किंवा बाष्पीभवन मंदावते. जमीन तशीच उघडी टाकणे हे आमच्या मते सर्वांत महाग पडते.

जिप्समविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋणभार असतो. त्यांवर सोडियम बसला की माती ओली असता फुगून विसकटते व सुकल्यावर दगडासारखी होते. जिप्सममधील कॅल्शियमवर दुप्पट धनभार असल्याने तो सोडियमला हुसकून त्याची जागा घेतो. परंतु खाडीकाठच्या सर्वच जमिनींस जिप्समची गरज नसते. मातीचा सामू ८.५ च्या वर व सोडियमचे प्रमाण अधिक आढळले तरच ते घालावे, एरवी पैसा पाण्यात जातो. म्हणून आधी मातीची तपासणी करून घ्यावी. क्षार थोडेफार राहणारच असतील तेथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या क्षार सहन करणाऱ्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या भातजाती लावाव्यात.

युरियाच्या रेणूवर साखरेप्रमाणेच विद्युत्‌भार नसतो. मातीचे कण त्यास धरून ठेवीत नाहीत. जमिनीत त्याचा अमोनियम झाला म्हणजे तो धनभारामुळे मातीस चिकटतो. तोवर तो पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतो. यास्तव खारे पाणी काढून टाकण्याचे काम पुरे झाल्यावरच युरिया द्यावा व त्यानंतर काही दिवस खाचराचे तोंड बंद ठेवावे.