छोटा हत्ती बदलायचाय? आधी प्लग शोधा

कल्याणच्या बाजार समितीतून भाजी भरायची, कोनमार्गे भिवंडी, मग कशेळीवरून ठाणे आणि दुपारी परत. अशा टेम्पोचं रनिंग दिवसाला ८० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे महिन्याला दोन हजार. पर्यायी इंधनाची गाडी परवडते की नाही, हे या आकड्यावर ठरतं. आणि त्याहून जास्त, गाडी रात्री कुठे उभी राहते त्यावर.

टाटाची एस प्रो, म्हणजे नवा छोटा हत्ती, जून २०२५मध्ये आली तेव्हा सीएनजी-पेट्रोल मॉडेल ४.९९ लाखांना होतं आणि इलेक्ट्रिक ६.५० लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम. सप्टेंबरात मालवाहनांचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला, त्यामुळे अंतर वाढलं. उलट इलेक्ट्रिकला राज्यात मोटार वाहन कर माफ आहे. सगळं धरून फरक १ लाख ८० हजार समजू.

आता रोजचा खर्च. सीएनजी ८० रुपये किलो आणि ॲव्हरेज १६ धरलं, तर किलोमीटरला ५ रुपये. इलेक्ट्रिकला किलोमीटरमागे ०.२ युनिट धरा. स्वतःच्या मीटरवर १० रुपये दर पडला तर २ रुपये, बाहेरच्या चार्जरवर २० रुपये पडला तर ४. म्हणजे घरच्या प्लगवर महिन्याला ६ हजार वाचतात आणि फरक अडीच वर्षांत फिटतो. बाहेर चार्ज केलं तर वाचतात २ हजार, फिटायला साडेसात वर्षं! तेव्हा बुकिंगआधी जागामालक किंवा सोसायटीकडून मीटरची लेखी परवानगी घ्या. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशनची वायर हा उपाय नव्हे.

सीएनजीवाल्यांनी रांगेतला वेळही हिशेबात धरावा. प्रेशर नसलं की टाकी अर्धीच भरते आणि संध्याकाळी पुन्हा रांग. नोव्हेंबर २०२५मध्ये ट्रॉम्बेला मुख्य गॅसवाहिनी बिघडली, तेव्हा ठाण्यातल्या कितीतरी गाड्या पंपाबाहेरच अडकल्या. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी.

कार्बनचं म्हणाल तर जाहिरातीएवढी झेप नाही. याच दोन हजार किलोमीटरला सीएनजीतून साधारण ३४० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. इलेक्ट्रिकला लागणाऱ्या ४०० युनिटांमागे, देशातली सरासरी वीज धरली तर, २८५ किलोच्या आसपास. धूर गल्लीतून जातो, पण बराचसा चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांच्या चिमणीतून निघतो. गोदामाच्या पत्र्यावर सोलर असेल आणि गाडी दिवसा चार्ज होत असेल, तर मात्र गणित खरंच बदलतं.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमधलं ट्रकचं अनुदान साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे, तेही जुना ट्रक भंगारात काढल्याचा दाखला असेल तर. ते अनुदान दाखवून कोणी छोटा टेम्पो विकत असेल, तर उठून या.

आणि टेस्ट ड्राइव्ह रिकामी घेऊ नका. साडेसातशे किलो माल भरा, गायमुखचा घाट चढवा आणि वर पोचल्यावर बॅटरीचा टक्का बघा.