जुना गॅस गिझर बदलताना : ज्योत काय सांगते?



मंडणगडात पाऊस लागला की आपण न्हाणीघराची खिडकी घट्ट लावून घेतो. आत गॅस गिझर असेल, तर धोका इथेच आहे. मागच्या पावसाळ्यात माझा मुलगा आंघोळ करून आला नि म्हणाला, "आई, डोकं दुखतंय, गरगरतंय." मला वाटलं, उपाशीपोटी असेल. गिझर पाहिला, तर ज्योत पिवळी आणि आत काजळी!

ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, हे आपण वर्गात शिकवतोच. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासच नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कळायच्या आत शुद्ध जाते.

आम्ही गिझर बदलला आणि जागाही बदलली. नवा गिझर त्याच बंद खोलीत लावला, तर धोका तसाच राहतो. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवा, आत फक्त गरम पाण्याची नळी न्या. गॅसच्या रबरी नळीवरची मुदतही वाचा.

उद्या मुलांना एवढाच गृहपाठ द्या : मोठ्यांसोबत घरच्या शेगडीची, गिझरची ज्योत दुरून पाहा आणि रंग वहीत लिहा. पिवळी दिसली तर वापर थांबवून मेकॅनिकला बोलवा. निळी असली तरी खिडकी उघडीच हवी. कुणाला गरगरलं, तर आधी मोकळ्या हवेत आणा. गॅसचा वास आला तर बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

हा धडा परीक्षेला येणार नाही, पण घरी नक्की उपयोगी पडेल.