पावणेपाचला एस्प्लनेड

विद्यापीठातल्या पोरापोरींनी जमवलेल्या ट्रायथलॉन क्लबात तू नाव घातलंस, आणि ते तुझ्या बापाच्या आधी मला सांगितलंस. मग पहिला कानमंत्रही आत्याचाच घे. रविवारी एस्प्लनेडला जमायचंय म्हणालीस. पाचची वेळ दिली असेल तर पावणेपाचला तिथं उभी राहा. आपल्याकडं विट्याला मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला वर येतो, इथं कोलकात्याला पाच वाजायच्या आत. घड्याळ दोन्हीकडं एकच, पण रेखांशात जवळजवळ चौदा अंशांचा फरक आहे. गावाकडच्या सवयीनं सहाचा गजर लावलास तर ऊन डोक्यावर घेऊन पळावं लागेल. डिसेंबरात उलटं. संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो, तेव्हा सायकलला पुढंमागं दिवा हवा.

एस्प्लनेडलाच का जमतात, तेही सांगते. इथली माणसं त्याला धर्मतला म्हणतात. उत्तरेची बस असो की दक्षिणेची, ती इथं येतेच. समोर मैदान, आणि गोलदिघी, म्हणजे कॉलेज स्क्वेअरचा तलाव, दोनेक किलोमीटरवर. पळण्याचं आणि पोहण्याचं असं दोन्ही इथं हाताशी आहे. शिवाय इथं क्लब या शब्दाला वजन आहे. मैदानाच्या कडेला मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यांचे क्लब आहेत, आणि त्यांना लोक अजून तंबूच म्हणतात. मोहन बागाननं 1911 साली गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड घेतली, तेव्हा त्यांची बहुतेक पोरं अनवाणी खेळली होती. तंबूत गेलं की नवख्यानं आधी चटया उचलायच्या, बाटल्या भरायच्या, ही इथली रीत. तुझ्या क्लबाला तंबू नसेल, पण रीत तीच धर. महिनाभर लवकर जा आणि उशिरा नीघ. नावं पाठ कर. दादा, दीदी म्हणायला लाजू नकोस.

पहिल्या दिवशी विचारतील, किती पोहता येतं? खरं सांग. तू पोहायला शिकलीस ती मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून. तुझा बाप तसाच शिकला. विहिरीतलं पोहणं धाडसाचं असतं. वरून सूर मारायचा, चार हात मारून पायऱ्या गाठायच्या. लांबवर पोहायची सवय त्यात होत नाही, आणि मान पाण्याबाहेर ठेवायची खोड लागते. मान वर राहिली की पाय खाली जातात आणि अंग पाण्यात उभं राहतं. म्हणून ‘मला पोहता येतं’ असं मोघम सांगू नकोस. न थांबता पन्नास मीटर जमतात, की शंभर, ते सांग. सगळ्यात मागच्या गटात टाकतील. टाकू देत. शिकवणारा सगळ्यात जास्त वेळ तिथंच देतो.

मी स्वतः गोलदिघीत शिकले. बाबा खानापूर तालुक्यातून गलाईच्या, म्हणजे सोनं आटवण्याच्या, कामाला बऊबाजारात आले. खाली भट्टी, वर आमची खोली. मुलीला तलावात घालायचं त्यांच्या मनात आलं ते आरती साहांमुळे. त्या याच शहरातल्या. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेल्या तेव्हा बारा वर्षांच्याही नव्हत्या. 1959 च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीचा पहिला प्रयत्न फसला. महिनाभर तिथंच थांबून 29 सप्टेंबरला त्या पुन्हा पाण्यात उतरल्या आणि 16 तास 20 मिनिटांत पार झाल्या. खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली बाई. त्यांचं पोहणं या शहरातल्या तलावांत घडलं. तलावाला कमी लेखू नकोस, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तलावाचं पाणी गढूळ असतं. टाइल लावलेल्या टाकीत तळाला काळी रेघ दिसते, तिच्यावरून सरळ जाता येतं. इथं स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. म्हणून दर सहा-आठ हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढायचे, सुसरीसारखे, आणि काठावरचं एखादं ठळक झाड किंवा इमारत धरायची. श्वास दोन्ही बाजूंनी घ्यायला शीक, म्हणजे एका बाजूला लाट किंवा ऊन आलं तरी अडणार नाही. मग तिघीतिघी खांद्याला खांदा लावून पोहा. शर्यतीत कुणाची लाथ बसते, कुणाचा हात पाठीवर येतो. पहिल्यांदा तसं झालं की छातीत धडकी भरते आणि श्वास तुटतो. ओळखीच्या मुलीचा धक्का आधी खाल्लेला असला की परक्याच्या धक्क्याला माणूस घाबरत नाही.

तीन गोष्टी मात्र मी हुकमानं सांगते. एकटीनं पाण्यात उतरायचं नाही, तलाव गुडघाभर वाटला तरी. गंगेत, म्हणजे इथल्या हुगळीत, पोहायचं नाही. या भागात हुगळीला भरती-ओहोटी आहे, ओढ वरून दिसत नाही, आणि लाँचा सारख्या ये-जा करतात. आणि चैत्र-वैशाखात दुपारनंतर वायव्येला आभाळ काळं झालं की त्याच क्षणी काठ गाठायचा. कालबैशाखी म्हणतात त्या वादळाला. 2022 च्या मे महिन्यात रवींद्र सरोवरात वल्हवण्याचा सराव करणारी दोन शाळकरी मुलं अशाच वादळात बुडाली. आणखी एक फेरी मारू, असं जो म्हणेल त्याचं ऐकू नकोस, तो कितीही मोठा खेळाडू असो.

हा खेळ मुळात क्लबातूनच निघाला. 1974 साली अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका पळणाऱ्यांच्या क्लबानं तिन्ही प्रकार जोडून शर्यत ठेवली; 46 जण आले. तेव्हा पळणं आधी होतं. पुढं पोहणं पहिलं आलं ते राहिलं, कारण दमलेल्या माणसाला पाण्यात घालणं धोक्याचं. ऑलिंपिकमध्ये तो 2000 साली, सिडनीला आला. तिथलं अंतर दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं. तू त्याच्या निम्म्यापासून सुरुवात कर: 750 मीटर, 20 आणि 5. गोव्याला मिरामारवर 2019 पासून होणारी ती मोठी शर्यत, 1.9, 90 आणि 21.1 किलोमीटरची, मनात असू दे. पण पहिल्याच वर्षी पैसे भरून बसू नकोस.

आता उन्हाचं. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण हे मला भट्टीनं शिकवलंय. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. इथली हवाच ओली. घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. पारा विट्यापेक्षा कमी असला तरी माणूस इथं लवकर पडतो. भट्टीवर बाबा सोनं आटवायच्या आधी तोलायचे आणि आटवल्यावर तोलायचे. मधला फरक म्हणजे घट. तसं तू स्वतःला तोल. पळायच्या आधी वजन कर, आल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा कर. एक किलो घट म्हणजे अंदाजे एक लिटर घाम. मधे पाणी प्यायली असशील तर तेही त्यात धर. चार-पाच रविवार वहीत लिहून ठेव. तासाला तुझी घट किती, हे कळलं की किती प्यायचं ते दुसऱ्याला विचारावं लागत नाही. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालंय, आणि तेही वाईट. रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, पुढं जिवावर बेततं. भट्टीशेजारच्या माठात बाबा मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं पाणी ठेवायचे. तासाच्या वर सराव असेल तेव्हा तुझ्याही बाटलीत तेच असू दे.

एकदा जेठ महिन्यात मी हट्टानं नऊ वाजता रेड रोडवर पळायला उतरले. सोबतची मैत्रीण नको म्हणत होती. चौथ्या किलोमीटरला त्या उन्हात मला थंडी वाजायला लागली, दंडावर काटा आला. मला ते बरं वाटलं. वाटलं, अंग गार पडतंय. तिनं मला हाक मारली आणि मी तिला भलत्याच नावानं ओ दिली. तिनं तिथंच धरून झाडाखाली बसवलं, दोन्ही बाटल्या डोक्यावर रिकाम्या केल्या, शेजारच्या सरबतवाल्याकडचा बर्फ काखेत धरला आणि टॅक्सीनं दवाखान्यात नेलं. मी पडतेय हे मला कळलंच नव्हतं, आणि ते कधी कळत नसतं. ऊन लागलं की पहिली जाते ती अक्कल; आपलं काही चुकतंय हे ओळखणारी जागाच बंद पडते. म्हणून पोरी, क्लब हवा. वेग वाढवायला हवा की नको ते राहू दे, पण तुझं बोलणं बिघडलंय हे ऐकायला शेजारी कुणीतरी असायलाच हवं. आणि तूही तशीच दुसऱ्याच्या शेजारी राहा. मागं पडलेल्याला सोडून जाणारा गट असेल तर तो बदल. अशा गटाच्या वेगाचा तुला काही उपयोग नाही.

सायकलचं थोडक्यात. 2013 साली इथं पोलिसांनी 174 रस्त्यांवर सायकलला बंदी घातली होती. नंतर यादी कमी झाली, तरी मोठ्या रस्त्यांवर पाटी वाचूनच जा आणि बंदी असेल तिथं उतरून चालत ने. लांबचा सराव न्यू टाउनला, तिथं सायकलसाठी वेगळी पट्टी आहे. ट्रामच्या रुळांना जप. पातळ टायर त्या खाचेत अलगद बसतं आणि माणूस समोर फेकला जातो. पावसात तर लोखंडावरून नुसतं घसरतं. रूळ ओलांडायचा तो शक्य तितका काटकोनात, हँडल सरळ, ब्रेक न दाबता. माझ्या डाव्या कोपरावरचा व्रण लेनिन सरणीवरच्या ओल्या रुळाचा आहे. गटात चालवताना पुढच्यानं खड्डा दाखवायचा आणि मागच्यानं तो आणखी मागं पोचवायचा. हे न करणाऱ्याच्या मागं राहू नकोस. पंक्चर स्वतः काढायला शीक.

सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलीस की पाय दुसऱ्याचेच वाटतील. घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं. तासभर गोल फिरवलेल्या पायांना पावलं टाकायची लय सापडायला वेळ लागतो. आठवड्यातून एकदा सायकल संपल्यावर दहाच मिनिटं पळ, सावकाश, लहान पावलं टाकत. शर्यतीत वेळ वाया जातो तो बदलाच्या जागी, म्हणून ते घरीही कर: फरशीवर टॉवेल, त्यावर हेल्मेट उलटं, पट्टे बाहेर काढलेले, शेजारी बूट. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. हा नियमच आहे.

खाण्याचं तुला आत्यानं सांगायला नको, पण एक ऐक. हॉस्टेलच्या पोरी सराव वाढवतात आणि ताट तेवढंच ठेवतात. पाळी पुढं जायला लागली, किंवा दोन महिने आलीच नाही, तर ते खेळाडू झाल्याचं लक्षण नव्हे. खाणं कमी पडतंय, हाडं झिजताहेत. लगेच मला सांग, डॉक्टरकडं जाऊ. रात्री भिजवलेले हरभरे आलं-गुळाबरोबर खा, ही इथल्या पैलवानांची जुनी सवय. सराव संपल्यावर डाब, म्हणजे आपलं शहाळं. कधी सगळ्यांनी मिळून डेकर्स लेनमध्ये जा; तिथलं पातळ स्टू आणि भाजलेला पाव दमलेल्या पोटाला सोसतो, आणि खरी ओळखही तिथल्या बाकड्यावरच होते.

सायकल विकत घ्यायची घाई करू नकोस. माझी जिन्याखाली आहे, मागचं टायर नवं टाकलंय. सीट तुझ्या उंचीला वर घ्यावी लागेल. टाच पेडलवर ठेवून, पेडल खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. हेल्मेट मात्र माझं चालणार नाही, ते तुझ्या डोक्याच्या मापाचं नवं हवं. बेंटिंक स्ट्रीटवर सायकलींची दुकानं आहेत, बरोबर जाऊ. शनिवारी दुपारी ये. सकाळी आलीस तर दाराला कुलूप असेल, तेव्हा मी तलावावर असते.