गिअरबॉक्सला ताप येतो तेव्हा

हीट ट्रान्सफरच्या व्हायवाला ‘इफेक्टिव्हनेस म्हणजे काय?’ असं विचारलं की व्याख्या सगळेच घडाघडा म्हणतात. ‘ती वाढली की नक्की काय वाचतं?’ हा पुढचा प्रश्न आला की मात्र शांतता! मला त्याचं उत्तर अमेरिकेत एम.एस. करताना घरमालकाच्या ट्रकखाली आडवं पडून मिळालं.

घरमालक डेन्व्हरजवळ राहायचा. लोकांचे घोडे इथून तिथे पोचवणं हा त्याचा धंदा. तिथे पिकअपलाच ट्रक म्हणतात. त्याचा २००२ सालचा फोर्ड एफ-२५०, ७.३ लिटरचं डिझेल इंजिन, ४आर१०० हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मागे ट्रेलर धरून वजन साधारण ७ टन. उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांत वर्षाची कमाई. गिअरबॉक्स उघडायची वेळ आली तर हजारो डॉलर जाणार आणि सीझनही. शिवाय चढावर गाडी बसली तर मागे जिवंत जनावरं उन्हात उभी.

आपल्या मॅन्युअल ट्रकमध्ये क्लच पूर्ण बसला की घसरण संपली. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून पुढे जाते. वेग आला की आतला लॉकअप क्लच बसतो आणि घसरण थांबते. पण चढ, पुढे ट्रॅफिक, वेग पडला की लॉकअप सुटतो. मग जी ताकद चाकांपर्यंत पोचत नाही ती तेलात उष्णता होऊन उतरते.

किती? कॅल्क्युलेटर काढा. ७ टन, ६ टक्के चढ, ताशी ४० किलोमीटर. नुसत्या चढासाठी सुमारे ४६ किलोवॅट. हवा आणि टायरचा विरोध धरून ६०. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १० किलोवॅटच्या वर उष्णता तेलात! म्हणजे हॉस्टेलचे २ किलोवॅटचे पाच गीझर त्या एका डब्यात चालू आहेत.

आता कूलर. मिनिटाला ८ लिटर तेल धरा, घनता ०.८५, विशिष्ट उष्मा २.१. दहा किलोवॅट बाहेर काढायचे तर दर फेरीला तेल ४२ अंशांनी थंड व्हायला हवं. बाहेर ३० अंश असताना कूलरची इफेक्टिव्हनेस ०.३५ असेल, तर तेल १५० अंशांना पोचल्यावर हिशोब जुळतो. ०.५५ असेल तर १०६ अंशांनाच जुळतो. (रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरचा वाटा मी सोडून दिलाय. तिथलं पाणीच ९०-९५ अंशांचं, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.) तेल ८० अंशांच्या वर गेलं की दर ११-१२ अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा तिथल्या वर्कशॉपमधला ठोकताळा. १५० अंशांना सील कडक होतात, क्लचप्लेट जळतात आणि तेलाला करपलेला वास येतो.

त्यात डेन्व्हर १,६०० मीटरवर आणि पश्चिमेचा आयसेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटरवर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७० टक्के. म्हणजे चढ सर्वात जास्त तिथेच कूलरला हवा सर्वात कमी.

म्हणून मोठा कूलर. याच कंपनीच्या नंतरच्या ६.० लिटर डिझेलचा ३१ ओळींचा कूलर जुन्या ७.३ वर बसवायची तिथे पद्धतच आहे. इंजिन पूर्ण गार केलं, पुढची जाळी काढली, खाली ट्रे ठेवून नळ्या सोडल्या. नवा कूलर कंसांवर, रबराच्या गाद्या देऊन बसवला. पातळ पत्र्यांमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर टांगायचा शॉर्टकट काहीजण मारतात. तो करू नये; थरथरीने रेडिएटरच घासून फुटतो. नळ्यांची तोंडं वर किंवा बाजूला हवीत, खाली असली तर आत हवा अडकते. होज ट्रान्समिशन ऑइलचाच घ्यायचा, पेट्रोलचा चालत नाही.

क्रमही महत्त्वाचा. गरम तेल आधी रेडिएटरच्या टाकीत, मग हवेच्या कूलरमध्ये, मग गिअरबॉक्सला परत. उलटं जोडलं तर हवेने थंड केलेलं तेल रेडिएटर पुन्हा तापवून देतो. कुठल्या नळीतून तेल बाहेर येतं ते ओळखायला एक सुटी नळी बादलीत धरून इंजिन दोन-तीन सेकंदच चालवायचं.

आणखी एक. आधी गिअरबॉक्स जळला असेल तर जुना कूलर धुऊन वापरायचा मोह टाळावा. आतली धातूची कीस पूर्ण निघत नाही आणि नव्या गिअरबॉक्सला तीच खाते. आमच्या ट्रकचा गिअरबॉक्स शाबूत होता, म्हणून नुसतं तेल बदललं. मोठ्या कूलरमध्ये तेल जास्त मावतं. त्यामुळे गाडी गरम करून, इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर पट्टी बघायची आणि थोडं थोडं घालायचं.

मीटर आधीच लावलेला होता, हे बरं. नाहीतर फरक पडला की नाही हे अंदाजाने बोलावं लागलं असतं. त्याच चढावर पूर्वी १२५ पर्यंत जाणारा काटा जुलैच्या दुपारी १०० च्या आत राहिला. बोगद्याअलीकडे ट्रॅफिकमध्ये रांगताना थोडा चढला, उतारावर खाली आला. थंडीत उलटी काळजी असते. उणे तापमानात तेल घट्ट होऊन कूलरमधून नीट फिरत नाही. त्यासाठी बायपास व्हॉल्व्ह असलेली जोडणी मिळते. घरमालकाने ती ऑक्टोबरात बसवली, पहिला बर्फ पडायच्या आत.